नळदुर्गच्या इंग्रज साहेबाने 1857 वर कादंबरी लिहायला 15 वर्षं का घेतली?

सोलापूरहून हैदराबादकडे निघालं की वाटेत नळदुर्ग लागतं. बोरी नदी, तिच्यावर घातलेला दगडी बंधारा, बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणी महाल आणि पावसाळ्यात त्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे. धाराशिव जिल्ह्यातला हा किल्ला पाहायला दरवर्षी हजारो लोक येतात. पण 1853 ते 1857 या काळात इथून जिल्ह्याचा कारभार पाहणारा इंग्रज अधिकारी हा एक गाजलेला कादंबरीकार होता, हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.

त्यांचं नाव फिलिप मेडोज टेलर. ठगांच्या टोळ्यांवरच्या कादंबरीमुळे ते जगभर ओळखले जातात. पण धाराशिवच्या दृष्टीने त्यांची दुसरी ओळख जास्त महत्त्वाची आहे. 1857 चा उठाव त्यांनी जवळून पाहिला. त्यात त्यांनी मुलासारखा सांभाळलेला एक तरुण राजा गमावला. आणि ते सगळं कादंबरीत उतरायला 1872 साल उजाडलं. मधल्या काळात त्यांनी पहिली गोष्ट लिहिली ती तुळजापूरची.

एखाद्या देशावर मोठं संकट कोसळतं तेव्हा कलावंत काय करतो? लगेच बोलतो, गप्प राहतो, की वाट पाहतो? टेलर यांचं आयुष्य या प्रश्नाचं एक उत्तर आहे. ते पूर्ण समाधान देणारं नाही, पण समजून घेण्यासारखं नक्की आहे.

पंधराव्या वर्षी मुंबईत

टेलर यांचा जन्म 25 सप्टेंबर 1808 रोजी लिव्हरपूलला झाला. वडील व्यापारी. धंद्यात खोट आली आणि मुलाला लहान वयातच कामाला लागावं लागलं. मुंबईतल्या एका व्यापाऱ्याच्या पेढीत नोकरी मिळेल, पुढे भागीदारीही मिळेल, या आशेवर 1824 मध्ये हा पंधरा वर्षांचा मुलगा जहाजात बसला.

मुंबईत उतरल्यावर कळलं की ती पेढीच बुडायला आली आहे. मुंबई सरकारात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका नातेवाइकाने खटपट केली आणि टेलर यांना हैदराबादच्या निजामाच्या फौजेत जागा मिळवून दिली.

त्यांच्या आयुष्याला वळण लागलं ते इथे. टेलर ईस्ट इंडिया कंपनीचे नेहमीचे सनदी नोकर कधीच नव्हते. त्यांचा पगार निजामाच्या राज्यातून यायचा. त्यामुळे कंपनीच्या साहेबांच्या वर्तुळात त्यांचं स्थान कायम थोडं खालचं राहिलं. पण त्यामुळेच ते लोकांच्या जास्त जवळ गेले. हिंदुस्तानी आणि मराठी ते शिकले. जमिनीची मोजणी, बांधकाम, कायदा हे सगळं त्यांनी स्वतःच्या हिमतीवर आत्मसात केलं. चित्रंही ते चांगली काढायचे.

विशीच्या आत ते निजामाच्या नैऋत्य मुलखात पोलीस अधिकारी झाले. हातात मोजके स्वार आणि शिपाई, मुलूख मात्र अफाट. दरोडेखोरांच्या मागावर फिरताना त्यांनी गावोगावच्या लोकांशी बोलून माहिती काढायची सवय लावून घेतली. हीच सवय पुढे लेखनात कामी आली. पकडलेल्या ठगांच्या जबान्या त्यांनी ऐकल्या आणि त्यावरून 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी लिहिली. 1839 मध्ये इंग्लंडमध्ये ती छापली गेली आणि टेलर एकदम प्रसिद्ध झाले.

हैदराबादेत त्यांनी मेरी पामर यांच्याशी लग्न केलं. मेरी या हैदराबादचे नामांकित सावकार विल्यम पामर यांच्या कन्या. या विल्यम पामर यांचे वडील इंग्रज सेनानी होते आणि आई फैज बख्श या मुसलमान बेगम. म्हणजे टेलर यांच्या घरातच दोन संस्कृती एकत्र नांदत होत्या. मेरी 1844 मध्ये वारल्या. टेलर यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

नळदुर्ग इंग्रजांकडे कसं आलं?

निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक फौज असायची. तिला हैदराबाद कंटिन्जंट म्हणत. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रजांचा. हा खर्च वाढत गेला, थकबाकी साचली आणि 1853 च्या तहात निजामाला वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनीच्या हवाली करावा लागला.

नळदुर्ग जिल्ह्याची जबाबदारी टेलर यांच्याकडे आली. तिथे नीट नोंदी नव्हत्या, शेतसाऱ्याचा हिशोब पाटील-कुलकर्ण्यांच्या तोंडी, रस्ते जवळपास नाहीतच. टेलर यांनी जमिनीची मोजणी सुरू केली, रस्ते आखले, तलावांची कामं हाती घेतली. त्यांच्या आत्मचरित्रात नळदुर्गच्या किल्ल्याचं आणि पाणी महालाचं बारकाईने केलेलं वर्णन आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमारास बांधलेल्या या महालात बसून बाहेर पाण्याचा पडदा कोसळताना पाहणं ही गंमत आजच्या पर्यटकांइतकीच त्यांनाही वाटली होती.

याच मुलखात त्यांना तुळजापूर जवळून कळलं. भवानीचं देऊळ, पुजाऱ्यांची घराणी, देवीला वाहिलेल्या मुरळ्या, नवरात्रातली गर्दी. हे तपशील ते साठवत गेले.

फौज नाही, तरी वऱ्हाड सांभाळायचं

1857 च्या मे महिन्यात मेरठला शिपायांनी उठाव केला आणि बघता बघता उत्तर हिंदुस्थान पेटला. दिल्ली, कानपूर, लखनौ, झाशी. दख्खनमध्येही धाकधूक होती. हैदराबाद उठलं तर दक्षिण हातची जाईल, अशी भीती इंग्रजांना वाटत होती.

अशा वेळी हैदराबादच्या रेसिडेंटने टेलर यांना नळदुर्गहून वऱ्हाडात जायला सांगितलं. द्यायला फौज नव्हती. जमेल तसा तग धरा, एवढाच हुकूम होता. टेलर बुलढाण्याला गेले. उत्तरेकडच्या बंडखोरांचे जासूद वऱ्हाडात येत होते, अफवा पसरत होत्या. तरीही तिथे मोठा उठाव झाला नाही. उलट उत्तरेकडे निघालेल्या जनरल व्हिटलॉक यांच्या फौजेसाठी टेलर यांनी याच मुलखातून बैल आणि सामान गोळा करून दिलं.

ही गोष्ट विसरता येत नाही. टेलर यांना लोकांबद्दल माया होती, पण ते इंग्रज राजवटीचेच अधिकारी होते. त्यांनी जमवलेले बैल उठाव मोडायला निघालेल्या फौजेचं सामान ओढत होते.

सुरपूरचा राजा

1857 ने टेलर यांच्यावर केलेला खरा घाव वऱ्हाडात झाला नाही. तो झाला सुरपूरमध्ये.

सुरपूर, म्हणजेच शोरापूर, हे बेडर नायकांचं छोटं संस्थान. आज ते कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात येतं. 1841 मध्ये तिथे वारसाहक्काचा तंटा सुरू होता आणि गादीचा वारस व्यंकटप्पा नायक अगदी लहान होता. टेलर यांना तिथे पाठवण्यात आलं आणि पुढची जवळपास 12 वर्षं त्यांनी संस्थानाचा कारभार पाहिला. राजाचं शिक्षण, राज्याची कर्जं, राणीची मर्जी, सगळं त्यांच्याच अंगावर. लहानगा राजा त्यांना अप्पा म्हणायचा. कानडी-मराठी पट्ट्यात वडिलांना हाक मारतात तशी.

1853 मध्ये राजा सज्ञान झाला. राज्य त्याच्या हाती सोपवून टेलर नळदुर्गला आले. त्यानंतर पाचच वर्षांत, 1858 च्या फेब्रुवारीत, या तरुण राजाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललं. सुरपूरवर फौज चालून आली. राजा निसटून हैदराबादला पोचला, पण तिथे पकडला गेला.

टेलर त्याला कैदेत भेटायला गेले. त्यांच्या आत्मचरित्रातला हा भाग सगळ्यात अस्वस्थ करणारा आहे. राजा त्यांना बिलगून रडला. उठावाला चिथावणी कोणी दिली, ते त्याच्याकडून काढून घ्यावं, अशी सरकारची अपेक्षा होती. राजाने कोणाचंही नाव सांगायला नकार दिला. जीव वाचवण्यासाठी साथीदारांना विकणार नाही, हे त्याने स्पष्ट केलं. फाशी होणारच असेल तर चोरासारखी नको, एवढीच त्याची मागणी होती.

आधी फाशीची शिक्षा झाली. मग ती जन्मठेपेवर आली आणि गव्हर्नर जनरलने ती आणखी कमी करून चार वर्षांच्या कैदेवर आणली. चांगलं वागला तर राज्य परत मिळण्याची आशाही होती. टेलर यांना हायसं वाटलं. राजा चोविसाव्या वर्षी मरणार, असं भाकीत त्याच्या लहानपणी ज्योतिषाने केलं होतं आणि ते टेलर यांच्या कानावर आलं होतं. ते खोटं ठरलं, असं त्यांना वाटू लागलं.

पण कैदेच्या ठिकाणी नेत असताना वाटेतच राजाचा अंत झाला. टेलर यांच्या लिहिण्यानुसार, बरोबरच्या अधिकाऱ्याचं पिस्तूल राजाच्या हाती आलं आणि गोळी सुटली.

सुरपूरचा कारभार पाहायला टेलर यांनाच परत पाठवण्यात आलं. ज्या वाड्यात त्यांनी त्या मुलाला वाढताना पाहिलं, तो वाडा आता रिकामा होता.

1857 वर इतर कलावंतांनी काय केलं?

टेलर यांचा मार्ग किती वेगळा होता हे कळायला त्या वेळचे इतर कलावंत पाहावे लागतात.

इंग्लंडमध्ये कानपूरच्या इंग्रज बायका-मुलांच्या हत्येची बातमी पोचली आणि सूडाची लाट उसळली. चार्ल्स डिकन्स यांनी विल्की कॉलिन्सबरोबर 1857 च्या नाताळ अंकासाठीच एक कथा लिहिली. ती घडते मध्य अमेरिकेत, पण तिच्यातला राग हिंदुस्थानातल्या बातम्यांचा आहे. चित्रकार जोसेफ नोएल पेटन यांनी 1858 मध्ये 'इन मेमोरियम' हे चित्र मांडलं. भेदरलेल्या इंग्रज स्त्रियांवर शिपाई चालून येत आहेत, असं ते मूळ चित्र होतं. लोकांना ते सहन झालं नाही. मग पेटन यांनी शिपाई पुसून त्या जागी मदतीला धावलेले स्कॉटिश सैनिक रंगवले.

दिल्लीत मिर्झा गालिब घरात अडकून पडले होते. शहर उद्ध्वस्त होत होतं, ओळखीची माणसं मारली जात होती. त्या दिवसांची त्यांनी फारसीत रोजनिशी लिहिली. 'दस्तंबू' नावाने ती 1858 मध्ये छापली गेली. जिंकलेल्या इंग्रजांच्या नजरेखाली लिहिलेली असल्यामुळे तिच्यातला शब्द न् शब्द जपून वापरलेला आहे.

आणि मराठीत? वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि उठावात सापडले. झाशीचा वेढा आणि नंतरची कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. 'माझा प्रवास' त्यांनी लिहिला तो 1883 च्या सुमारास. तो छापला गेला 1907 मध्ये, आणि मूळ स्वरूपात वाचकांपुढे यायला 1966 उजाडलं.

म्हणजे जिंकलेल्यांची कला ताबडतोब बोलली. हरलेल्यांना बोलायला कित्येक वर्षं लागली. टेलर जिंकलेल्यांपैकी होते, पण त्यांनी लिहायला हरलेल्यांइतका नाही तरी बराच वेळ घेतला.

सुरुवात तुळजापूरपासून

1860 मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे टेलर इंग्लंडला परतले. त्याच वर्षी नळदुर्गचा मुलूख निजामाला परत देण्यात आला. 1857 मध्ये इंग्रजांना साथ दिल्याचं ते बक्षीस होतं. पुढे जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गहून धाराशिवला गेलं, गावाला उस्मानाबाद हे नाव मिळालं आणि 2023 मध्ये ते पुन्हा धाराशिव झालं.

टेलर यांच्या डोक्यात तीन कादंबऱ्यांची आखणी होती. दर शंभर वर्षांनी हिंदुस्थानच्या इतिहासात एक मोठी उलथापालथ होते, अशी त्यामागची कल्पना. 1657 च्या सुमाराला मराठ्यांचा उदय, 1757 मध्ये प्लासीची लढाई आणि 1857 चा उठाव. प्लासीनंतर शंभर वर्षांनी कंपनीचं राज्य बुडणार, असं भाकीत उठावाच्या वेळी लोकांत फिरतच होतं. टेलर यांनी तोच आकडा पकडला.

पहिली कादंबरी 'तारा' 1863 मध्ये आली. ती तुळजापूरची गोष्ट आहे. तारा ही तिथल्या एका शास्त्र्यांची विधवा मुलगी. ती देवीच्या सेवेला वाहून घेते. मग अफजलखानाची स्वारी तुळजापुरावर येते, देवळाची विटंबना होते आणि ताराचं आयुष्य उधळून जातं. शेवटी तिचं लग्न होतं ते अफजलखानाच्या मुलाशी, फाजलशी. खानाची स्वारी प्रत्यक्षात 1659 ची. शंभर वर्षांचं गणित जुळवण्यासाठी टेलर यांनी ती दोन वर्षं मागे ओढली.

मराठी वाचकाला हा शेवट खटकू शकतो. पण उठावानंतर अवघ्या सहा वर्षांत, सगळीकडे द्वेषाचा धूर असताना, एका लेखकाला शत्रूंच्या घरांमध्ये सोयरीक जुळवावीशी वाटली, ही बाब लक्षात घ्यावी लागते. 1865 मध्ये प्लासीच्या काळावरची 'राल्फ डार्नेल' आली. स्वतःच्या काळातल्या जखमेपाशी यायला मात्र त्यांनी आणखी सात वर्षं घेतली.

'सीता'

1872 मध्ये 'सीता' प्रसिद्ध झाली. हीच त्यांची 1857 वरची कादंबरी.

सीता ही एका श्रीमंत सराफाची नात. तिच्या नवऱ्याला दरोडेखोर मारतात. खटला सिरिल ब्रँडन या इंग्रज न्यायाधीशासमोर येतो. भर कचेरीत न घाबरता साक्ष देणारी ही तरुण विधवा त्याच्या मनात भरते. पुढे दोघं हिंदू पद्धतीने लग्न करतात. इंग्रज समाज नाक मुरडतो, सीतेच्या बाजूचे लोकही बोट दाखवतात. तेवढ्यात उठाव होतो. नवऱ्याला वाचवताना सीता जखमी होते आणि मरते.

1872 मध्ये इंग्रज वाचकासमोर हे ठेवणं सोपं नव्हतं. उठावावरच्या बहुतेक इंग्रजी कथांमध्ये हिंदुस्थानी माणूस एक तर क्रूर असायचा, नाही तर इमानी नोकर. टेलर यांनी विधवाविवाह, जात आणि वर्ण या तिन्ही भिंती एकाच वेळी ओलांडणारी नायिका उभी केली आणि तिला कादंबरीतली सगळ्यात धीट, सगळ्यात शहाणी व्यक्ती बनवलं. मेरी पामर यांच्या घराण्याचा इतिहास आठवला की ही कल्पना कुठून आली असेल, याचा अंदाज येतो.

कुठे थांबले टेलर?

पण 'सीता' वाचताना तिच्या मर्यादाही दिसतात. सीता मरते आणि ब्रँडन पुढे एका इंग्रज मुलीशी लग्न करतो. दोन समाजांमधलं नातं टेलर यांना मनापासून हवं होतं, पण 1857 च्या पलीकडे ते जिवंत राहील, असं त्यांना लिहिता आलं नाही.

दुसरी मर्यादा मोठी आहे. या कादंबरीत बंडाचा चेहरा आहे अझ्रेल पांडे हा दरोडेखोर. सुरपूरच्या राजासारखा, चुका करणारा पण शब्दाला जागणारा बंडखोर तिथे नायक होत नाही. टेलर यांना असा माणूस चांगला माहीत होता. तरी त्याला कादंबरीत त्यांनी मध्यभागी आणलं नाही. कदाचित ते दुःख कल्पनेत घोळवण्यासारखं नव्हतं.

ते त्यांनी दुसरीकडे लिहिलं. आयुष्याच्या शेवटी त्यांनी आत्मचरित्र तयार केलं, 'द स्टोरी ऑफ माय लाइफ'. तिथे व्यंकटप्पा नायक आहे, जसा होता तसा. त्याचं लाडावलेपण, उधळपट्टी आणि शेवटचा ताठ कणाही.

टेलर यांची नजर जवळपास गेली होती. तरीही 1875 मध्ये ते सालारजंगांच्या आमंत्रणावरून हैदराबादला आले. तब्येत साथ देईना. परतीच्या वाटेवर, फ्रान्समधल्या मेंतों या गावी 13 मे 1876 रोजी त्यांचं निधन झालं. आत्मचरित्र त्यांच्या मुलीने संपादित केलं आणि 1877 मध्ये छापलं. चांदबिबीवरची 'अ नोबल क्वीन' ही कादंबरी त्यानंतर, 1878 मध्ये आली.

या आत्मचरित्राचा सगळ्यात अनपेक्षित वाचक पुढे निघाला. 1909 मध्ये विनायक दामोदर सावरकरांचं 1857 च्या स्वातंत्र्यसमरावरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. इंग्रज सरकारने ते बाहेर येण्याआधीच त्यावर बंदी घातली होती. त्यात सुरपूरच्या तरुण राजाची कहाणी आहे, साथीदारांची नावं न सांगणाऱ्या वीराची. तिचा आधार आहे टेलर यांचं आत्मचरित्र.

ज्या उठावाविरुद्ध टेलर उभे होते, त्याच उठावाच्या गौरवगाथेला त्यांनी नकळत साक्ष पुरवली. कादंबरीत त्यांना जे जमलं नाही, ते साध्या, खऱ्या नोंदीने केलं. कैदेतला तो मुलगा काय म्हणाला, हे त्यांनी आपल्या सरकारच्या सोयीसाठी बदललं नाही. म्हणूनच पन्नास वर्षांनी ते दुसऱ्या बाजूच्या लेखकाच्याही कामी आलं.